उंटाचं ओझं आणि गाडीचा तळ

मैत्रिणींनो, प्रवासाला निघताना डबे भरायचं काम कुणाच्या वाट्याला येतं, ते मी सांगायला नको. चिवडा, लाडू, मेतकूट आणि शिवाय ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेल्या दहा वस्तू! या ‘असू दे’पायी गेल्या जुलैत ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आमच्यावर काय प्रसंग आला, तो आज तुम्हांला सांगते.

माझी धाकटी बहीण अ‍ॅडलेडला असते. त्यांची पेट्रोलवर चालणारी एक जुनी, उंच गाडी आहे. मेहुण्यांनी तिच्या मागच्या भागात दोन मोठे लोखंडी खण बसवून घेतले होते. तिकडे रानावनात हिंडणारे पुष्कळ लोक असे खण बसवतात. एकात हत्यारं आणि दुसऱ्यात चक्क स्वयंपाकघर! खण ओढला की शेगडी, डबे, ताटं सगळं हाताशी. मी तर हरखूनच गेले. तिथल्या दुकानातून डाळ-तांदूळ, पिठं आणली. कुकर, लोखंडी तवा, पोळपाट ठेवला. आणि जागा उरली म्हणून दगडी खलबत्तासुद्धा! मेहुणे म्हणाले, “ताई, वजन होतंय हं.” मी म्हटलं, “एवढी दांडगी गाडी तुमची, तिला काय होतंय?”

आमचा रस्ता मरी ते मार्ला, सुमारे 620 किलोमीटर, बहुतेक सगळा कच्चा. ‘मरी’ हे गावाचं नाव ऐकून मला आपल्या मरीआईची आठवण झाली आणि मी मनातल्या मनात हात जोडले. एके काळी इथं उंटांचे तांडे उतरत. 1860 साली एका शोधमोहिमेसाठी 24 उंट कराचीहून जहाजानं मेलबर्नला नेले होते, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती बरं का! पुढं बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी असे कितीतरी उंटवाले इकडं आले. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’च म्हणत. इथून धावणाऱ्या आगगाडीला ‘घान’ हे नाव पडलं ते त्यांच्यावरूनच, असं सांगतात. तो जुना लोहमार्ग 1980 साली बंद झाला. त्याचे पूल आणि ओसाड स्टेशनं वाटेत अजून दिसतात.

पुढं काटी थांडा, म्हणजेच लेक आयर, या सरोवराचा दक्षिणेकडचा भाग लागतो. सरोवर म्हणायचं, पण पाण्याचा थेंब नाही. क्षितिजापर्यंत पांढरं शुभ्र मीठ! त्याचा सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीच्याही सुमारे 15 मीटर खाली आहे. मी बघतच राहिले.

पण तो रस्ता, बाई! पन्हळी पत्रा आडवा टाकून त्यावरून गाडी हाकावी, तसा. तासन् तास थरथर. दुसऱ्या दिवशी माझा नऊ वर्षांचा भाचा मागच्या सीटवर मलूल होऊन बसला. “मावशी, डोकं दुखतंय, मळमळतंय.” गाडी लागली असेल म्हणून मी आल्याची वडी दिली. खाली उतरवलं की त्याला बरं वाटे, आत बसला की पुन्हा तेच. दुपारी स्वयंपाकाचा खण उघडते तर सगळ्या डब्यांवर तांबड्या धुळीचा थर, आणि वास मात्र धुराचा! आता मात्र मी घाबरले. मेहुण्यांनी मागच्या काचा बंद ठेवून पुढच्या सगळ्या उघडायला लावल्या, भाच्याला पुढं बसवलं, आणि हळूहळू जात आम्ही वाटेतली एक वस्ती गाठली.

तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं खण सोडवून बाहेर काढले, गालिचा उचलला आणि मला बोलावून दाखवलं. खणांच्या चार बोल्टांपैकी दोहोंभोवती तळाचा पत्रा चांदणीसारखा तडकला होता. एका फटीतून चक्क खालची जमीन दिसत होती. त्याच हादऱ्यांनी सायलेन्सरचा सांधा सैल झाला होता आणि धूर त्या फटींतून आत येत होता. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास, आणि जास्त झाला तर तो जीवसुद्धा घेतो. आपण मात्र गाडी लागली म्हणून आल्याच्या वड्या देत बसलो, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

असं का झालं? गाडीच्या तळाचा पत्रा असतो जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. खण बसवणाऱ्यानं त्याला भोकं पाडून, खाली रुपयाएवढे वॉशर लावून बोल्ट आवळले होते. मेकॅनिकनं खण वजन करून पाहिले, तर रिकामे 90 किलो आणि सामानासकट 210! प्रत्येक हादऱ्याला सगळा ताण त्या भोकांच्या कडांवर. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना, तसाच पत्राही तडकला.

खाली पेट्रोलची टाकी असल्यामुळं त्यानं तिथं वेल्डिंग करायला साफ नकार दिला. प्रत्येक तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढं पळत नाही. मग वरून-खालून पोलादी पट्ट्या, मध्ये सील करायचा मसाला, आणि बोल्टांनी आवळून टाकलं. सायलेन्सरचा सांधाही घट्ट केला. पक्कं काम अ‍ॅडलेडला झालं. टाकी उतरवली, बॅटरीची जोडणी काढली, पत्रा चकचकीत घासून तडे वेल्ड केले. त्यावर गोल कोपऱ्यांचा जोडपत्रा लावला (कोपरा टोकदार ठेवला तर तिथूनच नवा तडा जातो), मग गंजरोधक प्रायमर आणि रंग. खण पुन्हा बसवताना तळाखाली तळहाताएवढ्या जाड पट्ट्या दिल्या, आणि शक्य तिथं गाडीच्या मूळच्या भक्कम बोल्टांचाच आधार घेतला.

तुमच्या घरच्या गाडीत असं काही बसवायचं असेल, तर ही पथ्यं पाळा. जड सामान खाली आणि दोन्ही चाकांच्या जोड्यांमध्ये ठेवा. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर बोल्ट तपासा. डिकीत अचानक धूळ येऊ लागली तर नुसती पुसू नका, गालिचा उचलून बघा. आणि गाडीत धुराचा वास आला किंवा मुलाचं डोकं गाडीतच दुखू लागलं, तर आधी सगळ्यांना खाली उतरवा.

त्या म्हाताऱ्याच्या अंगणात माझं सामान पसरलेलं पाहून मला उंटवाले आठवले. उंटाच्या दोन्ही बाजूंचं ओझं ते सारखं करून मगच दोर आवळत. बांधणी चुकली की उंटाची पाठ सोलवटे. उंट निदान ओरडतो तरी. आमची गाडी बिचारी मुकी.

खलबत्ता मी त्या मेकॅनिकलाच देऊन टाकला. त्यात तो आता नट-बोल्ट ठेवतो, असं बहिणीनं परवाच कळवलं आहे.