हातात किती पडतात?

घोडेगावच्या मार्केटला कांदा टाकून आले की अण्णा पट्टी दिव्याखाली धरून वाचतात. गोण्या, वजन, भाव; त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा; शेवटी हातात पडले ते. 2019 साली नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजातून कम्युनिकेशन स्टडीजचं एम.ए. करून मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर लागले, तेव्हा फोनवर त्यांनी एकच विचारलं, "हातात किती पडतात?"

11 हजार पडत होते. खोलीला साडेतीन, मेसला अडीच जायचे. मी "पंधरा" म्हणाले. ते खोटं अजून टोचतं, कारण त्यानंतर दर महिन्याला घरी पैसे न पाठवण्याचं नवं कारण शोधावं लागलं. 2020 च्या टाळेबंदीत नोकरी गेली. शेवटचा दीड महिन्याचा पगार आलाच नाही.

कॉलेजातल्या आमच्याच विभागात दिग्दर्शक नागराज मंजुळे शिकले. तिथे असताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे 'फँड्री' आणि 'सैराट' आले. कॅमेरा गावाकडच्या पोरापोरींच्याही हातात येऊ शकतो, हे आम्हाला त्यांच्यामुळे कळलं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण एका नावामागे पन्नासजण काय कमावतात, हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पगाराचं विचारणं म्हणजे कलेवर प्रेम नसणं, असं वाटायचं. ही समजूत फार महागात पडते, विशेषतः ज्यांची फी कांद्याच्या पैशातून भरलेली असते त्यांना.

नोकरी गेल्यावर गावी परतून मी लग्नांचं शूटिंग धरलं. नवरीच्या खोलीत कॅमेरा धरणारी बाई असली की घरच्यांना बरं वाटतं, म्हणून काम मिळत गेलं. तुळशीचं लग्न झालं की सुरुवात; आषाढ लागला की हात रिकामे. 2024 ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही आल्या, तेव्हा एका उमेदवाराचे रील रात्र रात्र जागून कापले. ठरले 70 हजार, मिळाले 50.

परवा गावातल्या एका मुलीने मी केलेल्या कोर्सचं विचारलं. तिला पोकळ धीर देणं मला जमेना. वही काढून 2024 ची पट्टीच लिहिली. लग्नाचे 38 दिवस, दिवसाला 3 हजार: 1,14,000. एडिटिंग 61,000. निवडणूक 50,000. वजा कॅमेऱ्याचं भाडं 45,600. हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, पेट्रोल 26,400. हातात 1,53,000. महिन्याला 12,750.

मुलगी फोटो काढून घेऊन गेली. वही ओट्यावर राहिली होती, ती अण्णांनी उचलली आणि दिव्याखाली धरली. बराच वेळ वाचत होते.

"भाड्यातच लई जातंय," म्हणाले. "अवंदा कांद्याचे आले की कॅमेरा घरचा घे."