"तू तर घरीच असतेस"

ताडकळससारख्या गावात घरून नानखटाई-केक विकणाऱ्या बाईला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं, "तू तर घरीच असतेस!" ईदच्या आदल्या दिवशी पाच किलो नानखटाई मागणारी शेजारीण असो की संध्याकाळी सांगून रात्री केक न्यायला येणारा भाचा, बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण या वाक्यात आपले हात, कंबर आणि झोप फुकट धरलेली असते. धंदा वाढतो तसं हे फुकटही वाढत जातं. माझ्या ओळखीतल्या चांगल्या हाताच्या दोघी जणी ओव्हनवर कापड टाकून मोकळ्या झाल्या. मला धंदा टिकवायचा होता, म्हणून मी वही घेऊन बसले.

पहिला हिशेब ओव्हनचा. माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच ट्रे नीट भाजला जातो. त्यात २५ ग्रॅमच्या २० नानखटाया बसतात, म्हणजे अर्धा किलो. ठेवणं-काढणं धरून एका ट्रेला २५ मिनिटं लागतात. मग २० किलोची ऑर्डर म्हणजे ४० ट्रे, १००० मिनिटं, साडेसोळा तासांच्या वर. मैदा कितीही मळता येतो, ओव्हनला मात्र आपली घाई कळत नाही. रोज चार तास ओव्हन चालवायचा ठरवला तर पाच किलोच्या आसपास माल निघतो. हा आकडा मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवला. आता "नाही" म्हणायचं काम तो आकडाच करतो.

दुसरा हिशेब भावाचा. साजूक तुपातल्या एक किलो नानखटाईला तूप, मैदा, साखर, वेलदोडा, डबा आणि वीज मिळून मला २८० रुपयांपर्यंत खर्च येतो. तीनशेला विकली तर हातात २० रुपये राहतात आणि त्यात माझा दीड तास जातो. शेतात खुरपायला जाणारी बाईसुद्धा इतक्या कमी मजुरीवर उभी राहणार नाही. म्हणून मी पहिल्यापासून चारशे रुपये भाव ठेवला. काही गिऱ्हाइकं परत गेली. जी राहिली, त्यांच्यासाठी मला रात्री जागावं लागत नाही. नातेवाइकांसाठी वेगळा भाव नाही. ईदला बहिणीच्या घरी डबा द्यायचा तर तो माझ्याकडून भेट म्हणून जातो, ऑर्डर म्हणून नाही.

या हिशेबाची खरी परीक्षा २०२५ च्या रमजानमध्ये झाली. २ मार्चला पहिला रोजा होता आणि मुलीची दहावीची परीक्षा १७ मार्चपर्यंत चालणार होती. तूप-साखर फेटायला, वजन करायला, डबे भरायला तिचा हात मला नेहमी लागतो. पण त्या दिवसांत तिच्याकडे साधा डबा मागणंसुद्धा मला नको होतं. म्हणून तिचा शेवटचा पेपर होईपर्यंत एकही ट्रे लावायचा नाही असं ठरवलं. नानखटाई हवाबंद डब्यात पंधरा दिवस छान राहते, तेव्हा ईदच्या तोंडावर सगळं भाजायची गरजच नसते. सतराव्या रोज्यापासून सव्विसाव्यापर्यंत दहा दिवस, रोज पाच किलो, अशी ५० किलोची ऑर्डर घेऊन वही बंद केली. क्रीमचा केक टिकत नाही, म्हणून महिनाभर केक बंद.

कामाची वेळ फजरनंतरची. परभणीकडच्या मार्चमध्ये दुपारी तूप पातळ होतं आणि नानखटाई ट्रेमध्ये पसरते. सकाळी तूप घट्ट असतं, वीज असते, अंगात सहरीचं बळ असतं. दहाच्या आत ओव्हन बंद. दुपारी झोप, मग घर आणि इबादत. सत्ताविसाव्या रात्री ओव्हन गार होता आणि ईदचे कपडे शिवून झालेले होते.

मध्येच पूर्ण्याच्या एका दुकानदाराचा ३० किलोसाठी निरोप आला. पैसा दिसत होता, तास दिसत नव्हते. तेव्हा मला लिज्जत पापडची गोष्ट आठवली. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम थांबवलं. पुढच्या वर्षी खाटेवर पापड आणि खाली शेगडी अशी सोय केली. पुढे काम वाढलं ते हात वाढले म्हणून. पीठ केंद्रावर मळलं जातं, बाई ते घरी नेऊन लाटते, पापड परत देते आणि आपले पैसे घेते. एकीनंच रात्रभर लाटायचं, असं तिथं नाही.

आपल्याकडेही लग्न-ईदला घरचं साहित्य बेकरीच्या भट्टीवर नेऊन नानखटाई भाजून आणायची जुनी रीत आहे. मी तीच धरली. वजन आणि मळणं माझ्याकडे, गोळे करायला जाऊबाई आणि शेजारच्या खाला, भाजायला भट्टी. भट्टीवाल्या चाचांनी जोहरनंतरचा मोकळा वेळ दिला. माझ्या ओव्हनला जे काम पंचवीस तासांचं होतं, ते दोन दुपारींत उरकलं. दोघींना किलोमागे ठरलेले पैसे त्याच संध्याकाळी दिले, भट्टीची भाजणावळ दिली. किलोमागे मला कमी उरले, पण माझी झोप शाबूत राहिली आणि गावातल्या आणखी दोन घरांत ईदचा पैसा गेला.

शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, हे आपण मुलांना शिकवतो. मग तो हक्क ऑर्डरच्या वहीतही लिहिलेला असावा. ज्या बहिणी हे काम सुरू करत आहेत, त्यांनी मोठा ओव्हन घेण्याआधी आठवडाभर फक्त आपले तास लिहावेत. किती भाजलं, किती वेळ उभं राहिलो, कोणाचा हात फुकट वापरला. रिज्क देणारा अल्लाह आहे. त्यातली बरकत हिशेबानं पळून जात नाही. आणि पुढच्या वेळी कोणी "तू तर घरीच असतेस" म्हणालं, तर हसून वही पुढे करावी, "हो, पण सव्विसाव्या रोज्यापर्यंत जागा भरली आहे."