क्रांती चौक आणि विजेची मोटार

कोर्टाची तारीख असो, घाटीत पेशंट असो, नाहीतर मोंढ्यातली खरेदी असो, मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा पाय क्रांती चौकाला लागतोच. जालना रस्त्यावरचा हा चौक म्हणजे छत्रपती संभाजीनगरची नाडी. उड्डाणपूल झाला आणि शिवरायांचा जुना पुतळा ठेंगणा दिसू लागला. म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये उंच चौथऱ्यावर नवा भव्य अश्वारूढ पुतळा उभारला गेला. पश्चिमेकडचा महावीर चौक आजही ‘बाबा पेट्रोल पंप’ म्हणूनच ओळखला जातो. पेट्रोल पंपावरून चौक सांगणाऱ्या याच शहरात आता विजेच्या मोटारी धावू लागल्या आहेत.

या शहराला मोटारींचा शौक जुना. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर बोलबाला झाला होता. पुढे २०२२ मध्ये उद्योजकांच्या पुढाकाराने विजेच्या शंभरावर मोटारीही एकगठ्ठा घेतल्या गेल्या. बिडकीनला विजेच्या व हायब्रिड गाड्यांचा कारखाना काढण्यासाठी टोयोटाने जुलै २०२४ मध्ये शासनाशी करार केला. विजेच्या गाड्या वाढाव्यात असे शासनाचे २०२५ चे धोरणही आहे.

चौकात थांबलेली अशी गाडी पाहिली की गावाकडच्या तरुणाला वाटते, धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलचा खर्च नाही, मग आपणही घ्यावी. वाटण्यात गैर काही नाही. पण बियाणे घेताना आपण पिशवीवरचे चित्र पाहून घेत नाही, उगवणशक्ती विचारतो. तसेच इथेही करावे.

हिशेब मांडू या. पेट्रोलच्या गाडीला किलोमीटरला सहा रुपये लागतात असे धरा. विजेची गाडी एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे घरच्या विजेवर दीड रुपया. बचत साडेचार रुपये. आता विजेची गाडी समजा तीन लाखांनी महाग पडली, तर तेवढी रक्कम वसूल व्हायला सुमारे ६७,००० किलोमीटर धावावे लागते. रोज दीडशे किलोमीटर धावणाऱ्या भाड्याच्या गाडीला सव्वा वर्ष पुरे. पण सरासरी वीस किलोमीटर चालणाऱ्या शेतकऱ्याच्या गाडीला नऊ वर्षे लागतील, आणि बॅटरीची हमी सर्वसाधारणपणे आठ वर्षांची असते. त्यात कर्जाचे व्याज धरलेलेच नाही.

दुसरी गोष्ट विजेची. तीस युनिटांची बॅटरी घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर भरायला नऊ-दहा तास लागतात. म्हणजे जवळजवळ पाच अश्वशक्तीची मोटर रात्रभर चालवण्यासारखेच. आळीत अशा पाच-सहा गाड्या एकाच वेळी लागल्या, तर आधीच वाकलेल्या रोहित्राचे काय होईल, हे उन्हाळ्यात रोहित्र जळालेल्या गावाला सांगायला नको. वीज गेली आणि रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर गाडी दारात असून नसल्यासारखी.

एक इशारा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मोफत वीज मिळते म्हणून त्या जोडणीवर मोटार लावण्याचा मोह होईल. तसे करू नये. शेतीची वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा विद्युत कायदा २००३ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याचे बिल भारी पडते.

विजेची मोटार वाईट नाही. शहरात राहणाऱ्याला, रोज ठरलेल्या वाटेवर धावणाऱ्याला ती फायद्याची आहे. घराच्या छपरावर सौर पॅनेल आहे आणि दिवसा गाडी उभी असते, त्या घरालाही परवडेल. मात्र आपल्या राज्यातली बरीचशी वीज अजून दगडी कोळशावर तयार होते, हेही ध्यानात असू द्यावे.

तेव्हा शोरूमची पायरी चढण्याआधी घरातल्या लेकीसुनेकडे एक वही द्यावी. महिनाभर कोण कुठे गेले, किती किलोमीटर झाले आणि वीज किती तास गेली, हे तिने रोज लिहावे. महिनाअखेरीस सगळ्यांनी बसून बेरीज करावी आणि मगच जमिनीवर बोजा चढवायचा की नाही ते ठरवावे.