तिलिस्माची किल्ली

चुनारचा किल्ला आम्हांला प्रथम भेटला तो भूगोलाच्या पुस्तकांत नव्हे, तर एका कादंबरींत. आणि तीहि हिंदी. आमचे वडील जबलपुरास एका कचेरींत कारकून होते. घरांत मराठी आणि बाजारांत हिंदी, अशी आमच्या वाड्यांतील बहुतेक कुटुंबांची दुहेरी राहणी असे. पावसाळ्यांत रात्रीं जेवणें उरकलीं म्हणजे अण्णा कंदिलाची वात वर करीत, देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ उघडीत आणि वाचतां वाचतां अवघड शब्द आम्हां मुलांना मराठींत सांगत. पडक्या वाड्यांतील दगडी बगळा चोच उघडतो आणि जवळ आलेलें माणूस गिळून टाकतो, हें ऐकल्यापासून कित्येक रात्रीं आमच्यापैकीं एकटें असें कोणी मोरीपर्यंत गेलें नाहीं.

त्या अद्भुत स्थानाला कथेंत ‘तिलिस्म’ म्हणतात. मूळ शब्द ग्रीक. अरबी-फारशींतून तो इकडे आला, आणि इंग्रजींतील ‘टॅलिस्मन’ हें त्याचेंच दुसरें रूप. खत्री यांनीं चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका घेतला होता. तेथील दऱ्या, गुहा आणि पडकीं बांधकामें त्यांनीं पायांखालीं घातलीं, आणि त्यांतूनच 1888 च्या सुमारास ही कादंबरी निघाली. पुढें ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग झाले. केवळ ह्या कथा वाचतां याव्यात म्हणून पुष्कळांनीं नागरी अक्षरें गिरविलीं, असें हिंदी वाङ्मयाचा इतिहास सांगतो. पुस्तकानें वाचकांना करमणूक द्यावी हें नेहमींचेंच. पण पुस्तकानें वाचकच निर्माण करावे हें भाग्य थोड्यांच्या वांट्यास येतें.

मोठेपणीं आम्ही ह्या कथेचें मूळ घराणेंहि पाहिलें. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानें 1883 पासून पुढें उर्दूंत ‘तिलिस्म-इ-होशरुबा’चे प्रचंड खंड काढले. त्यांतील जग सर्वस्वीं मायावी आहे. अफरासियाब हा तेथील जादूगारांचा बादशहा; त्याच्या राज्याचा एक भाग दृश्य, एक गुप्त आणि एक अंधाराचा; मध्यें रक्ताची नदी वाहते. खत्री यांनीं मात्र जादूला रजा दिली. त्यांचें तिलिस्म कळसूत्रांनीं, औषधांनीं आणि कारागिरीनें चालतें, आणि प्रत्येक चमत्काराचा उलगडा पुढें होतो.

तथापि एका गोष्टींत दोन्ही तिलिस्में सारखींच आहेत, आणि ती गोष्ट बालपणीं आमच्या ध्यानांत आली नव्हती. तिलिस्म बांधणारा माणूस तें कायमचें बंद राहावें म्हणून बांधीत नाहीं. खत्री यांच्या कथेंतील मीमांसा अशी कीं, ज्याच्याजवळ अपार धन आहे आणि तें सोंपवावयास योग्य वारस नाहीं, तो ज्योतिषांना विचारून तिलिस्म उभें करतो. तें अमुक एका वंशजाच्याच हातून तुटावयाचें असतें, आणि तें तोडण्याची रीत सांगणारें पुस्तकहि तो त्याच्यासाठीं ठेवून जातो. होशरुबांतहि तसेंच: अमीर हमजाचा नातू असद तें जिंकणार हें पूर्वींच ठरलेलें, आणि तोडण्याची विद्या एका पाटीवर कोरलेली. म्हणजे कुलूप घडविणारानेंच किल्लीहि घडविली. बाहेरून पाहणाराला जें केवळ गुपित वाटतें, तें बांधणाराच्या मनांत न जन्मलेल्या वारसाला लिहिलेलें पत्र असतें.

हें आम्हांला उमगलें तें ग्रंथावरून नव्हे, तर आमच्याच घरांतील एका लोखंडी पेटीवरून.

अण्णांच्या खाटेखालीं ती पेटी असे. तिची किल्ली त्यांच्या जानव्याला. “अण्णा, आंत काय आहे?” असें आम्ही विचारलें म्हणजे ते हंसून म्हणत, “तिलिस्म आहे बाबांनों, तुमची वेळ आली कीं तुटेल.” 1978 सालीं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. उजव्या हातानें ते कसलीशी खूण करूं पाहत, पण तो हात उचलत नसे. एकविसाव्या दिवशीं सारें संपलें. दहनाच्या गडबडींत किल्ली कोठें गेली कोणास ठाऊक. कुलूप तोडूं म्हटलें तर आई डोळ्यांत पाणी आणी. “त्यांनीं उघडली नाहीं ती तुम्ही कशाला उघडतां?” तिचा शब्द आम्हीं मोडला नाहीं. पुढें चार वर्षांनीं तीहि गेली, आणि मग लोहार बोलावला.

पेटींत धन नव्हतें. मनिऑर्डरींच्या पोचपावत्यांचा एक जुडगा होता, वर्षावार सुतळीनें बांधलेला. बावीस वर्षें, दर महिन्यास पंचवीस रुपये, एकाच बाईच्या नांवानें, नरसिंहपुराकडील एका खेड्यांत. पोंच कचेरीच्या पत्त्यावर येत असे, म्हणून घरीं कधीं सुगावा लागला नाहीं. प्रत्येक पावतीवर सहीच्या जागीं अंगठ्याचा ठसा. ती बाई कोण, नात्याची कीं उपकाराची, ऋणाची कीं अपराधाची, ह्याविषयीं पेटींत एक ओळहि नव्हती. आम्हीं त्या पत्त्यावर पत्र घातलें. तें “ह्या नांवाचें येथें कोणी राहत नाहीं” अशा शेऱ्यासह परत आलें.

वडिलांच्या चारित्र्याचा विचार त्या वेळीं आमच्या मनांत फारसा आला नाहीं. मनांत सलत राहिली ती ती चार वर्षें. कोणी एक बाई महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत टपालवाल्याची वाट पाहत ओसरीवर बसली असेल. आणि आम्ही येथें, वडिलांच्या गुपिताचा मान राखतों आहों अशा समजुतीनें, त्याच पेटीवर अंथरूण टाकून निजत होतों.

पुढें काशीहून परततांना आम्ही चुनारला उतरलों. गंगेच्या कांठीं वालुकाश्माच्या टेकडीवर किल्ला उभा आहे. ह्याच बाजूच्या खाणींतील दगडाचे अशोकस्तंभ घडले. 1538 सालीं हुमायूनानें शेरखानाकडून हा गड घेतला, आणि 1781 सालीं चेतसिंगाच्या प्रकरणांत वॉरन हेस्टिंग्ज काशीहून निसटला तो येथेंच आश्रयास आला. भर्तृहरीची समाधि पाहिली, खोल विहिरींत डोकावलों. बगळा कोठेंच नव्हता. पण इतक्या धन्यांच्या हातून गेलेल्या त्या मुक्या भिंतींपाशीं उभे असतां वाटलें, पोथी मागें न ठेवतां मिटलेलें दार तें तिलिस्म नव्हे; ती नुसती भिंत. अण्णांनीं पोथी वाचून दाखविली, पण स्वतःची लिहिली नाहीं. कदाचित् त्या निर्जीव उजव्या हाताची खूण हीच असेल, लेखणी मागण्याची.

आतां आमचेंहि वय झालें. आमच्या कपाटांतहि एक खण आहे, आणि त्यांतील कांहीं कागद मुलांनीं वाचावेत असे आम्हांला वाटत नाहीं. तरीहि गेल्या दसऱ्यापासून आम्ही एक वही लिहावयास घेतली आहे: कोणाचें काय देणें, कोणाला काय शब्द दिला, कोणाचें मन दुखविलें. बरीच पानें भरलीं. एका पानावर नांव लिहून अद्याप थांबलों आहों. वही पुरी होईल तेव्हां होईल. खणाची किल्ली मात्र आम्ही देवघराच्या खुंटीला अडकवून ठेवली आहे, आणि ती तेथें आहे हें घरांतील लहानसहान सर्वांना सांगून ठेवलें आहे.