पंखा फिरत होता

मी बेला मंडळातल्या एका खेड्यातला. पैनगंगेच्या पल्याड महाराष्ट्र, अल्याड आम्ही. घरात मराठी, शिवारात गोंडी, कचेरीत तेलुगू. माझी शाळा मराठी माध्यमाची. दहावी होऊन आदिलाबादला आलो तेव्हा तेलुगू ऐकून कळायची, पण तिचं एक अक्षर ओळखता येत नव्हतं. इंग्रजीची तर धास्तीच होती. हे कुणाला कळू नये म्हणून मी समजल्यासारखी मान हलवायचो. त्या सवयीने माझं फार नुकसान केलं असतं. ते टळलं अक्कांमुळे.

अक्कांचं टायपिंग इन्स्टिट्यूट बाजारातल्या एका माडीवर होतं. एका भिंतीशी टाइपरायटर, दुसऱ्या भिंतीशी चार कम्प्युटर. फी द्यायला माझ्याकडे पैसे नव्हते. संध्याकाळी खोली झाडायची आणि लोकांचे अर्ज टाइप करायला हात लावायचा, एवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं. थोरल्या बहिणीला आपण अक्का म्हणतो, तेलुगूतही अक्काच. त्या मला तम्मी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या दोन्ही तर्जनी धरून कीबोर्डवर ठेवल्या. एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. तो बोटाला लागला की हात जागेवर आला असं समजायचं. डावा हात ए, एस, डी, एफ, उजवा जे, के, एल, सेमीकोलन, अंगठा स्पेसबारवर. मग माझ्या हातांवर टॉवेल पसरून म्हणाल्या, "बघू नको तम्मी, बोटाला विचार." महिनाभर मी तेवढ्याच कळा बडवत होतो. कंटाळा यायचा, पण आज तोच पाया आहे.

शब्द मात्र मी नुसते पाठ केले. फाईल, फोल्डर, कर्सर, एंटर, सेव्ह. अर्थ विचारायची लाज वाटायची. एका संध्याकाळी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा लांबलचक अर्ज मी टाइप केला. फाईल बंद करताना मध्येच एक चौकट आली, इंग्रजीत काहीतरी विचारत होती. वाचता न आल्याने मी घाईघाईने 'नो' दाबलं. दोन तासांचं काम गेलं. अक्का आल्या तेव्हा मी सांगितलं, "करंट गेला होता." त्यांनी एकदा वर पाहिलं, मग काही न बोलता खुर्ची ओढून सगळा अर्ज पुन्हा टाइप केला. त्या माणसाची गावाकडची शेवटची बस तोवर चुकली होती. तो रात्री कुठे राहिला, मी विचारलंही नाही. ते आजही सलतं.

दुसऱ्या दिवशी धडा एकच होता. "पडद्यावर दिसतं ते फळ्यावरचं. करंट गेला की फळा पुसला जातो. सेव्ह म्हणजे वहीत उतरवणं." पुढे रॅम आणि हार्ड डिस्क हे शब्द आले तेव्हा मला नवं काही समजून घ्यावं लागलं नाही.

मग लग्नसराई आली. आमच्या भागात पत्रिका तेलुगूत आणि मराठीत, दोन्हींत लागतात. अक्कांनी मला इनस्क्रिप्ट दाखवलं. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली ही कळांची मांडणी. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. त्यांनी मराठी निवडून के दाबला, 'क' उमटला. तेलुगू निवडून पुन्हा तीच कळ दाबली, तेलुगूतला 'क' उमटला. शिफ्टसोबत दाबली की दोन्हीकडे 'ख'. 'ल'च्या कळीवर शिफ्ट धरली की दोन्हीकडे 'ळ'. ज्या लिपीला मी बिचकत होतो, ती माझ्या बोटांना आधीच येत होती. त्या दिवशी माझी तेलुगूची भीती गेली. वाचायला मी पुढच्या चार-सहा महिन्यांत शिकलो, कीबोर्डवरूनच.

पण 'किसन' लिहिताना अडलो. हाताने लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, म्हणून मी ती आधी दाबली. पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ आलं. अक्कांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "तोंडाने आधी काय येतं?" मी म्हणालो, "क." "मग क आधी दाब."

आज मी अर्ज आणि पत्रिका टाइप करूनच घर चालवतो. शिकायला येणाऱ्या पोरांच्या हातांवर टॉवेल टाकतो. चौकट आली की आधी ती मोठ्याने वाचून घ्यायला लावतो. नाही आली तर विचार म्हणतो, रागावत नाही.

इन्स्टिट्यूट बंद झाल्यावर एकदा अक्कांच्या घरी गेलो. बरीच वर्षं उरात धरलेलं सांगून टाकलं, की त्या संध्याकाळी करंट गेला नव्हता.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "वर पंखा फिरत होता, तम्मी." आणि चहा ठेवायला आत गेल्या.