एमएच ०९ ते केए ५३
गाडीनं राज्य बदललं की विम्याचा हप्ता किती बदलतो? कोल्हापूर ते बंगळूर, सहाशे किलोमीटरच्या प्रवासात उलगडलेला एक हिशोब.

व्हाइटफिल्डमधल्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये रात्री एक चक्कर मारा, फुकटात भारतदर्शन होतं. टीएन, एपी, केएल, यूपी, डब्ल्यूबी... आणि दोन पिलरच्या मधे अंग चोरून उभी असलेली एक एमएच ०९. दिवसभर मीटिंगांमध्ये इंग्रजी फाडून झाल्यावर ती नंबर प्लेट दिसली की कुणीतरी 'काय भावा, जेवलास का?' असं विचारल्यासारखं वाटायचं.

खरं तर गाडी माझी नव्हतीच, पप्पांची होती. २०१८ साली घेतलेली, पेट्रोल, बाराशे सीसी. २०२२ च्या अखेरीस मी नोकरीसाठी बंगळूरला आले. ऑफिसनं पुन्हा रोज बोलवायला सुरुवात केली आणि कॅबच्या बिलांनी माझा घाम काढला, तेव्हा पप्पाच म्हणाले, "गाडी घेऊन जा. मला मंडईपर्यंत स्कूटर बास." गाडी आली. आणि 'पुढच्या महिन्यात कागदपत्रांचं बघू' म्हणता म्हणता वर्ष उलटून गेलं.

आता तुम्ही म्हणाल, वर्षाचं काय एवढं? तर मंडळी, मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ४७. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. कर्नाटकानं २०१४ मध्ये कायदा बदलून ३० दिवसांनंतरच बाहेरच्या गाड्यांकडून लाइफटाइम टॅक्स मागायला सुरुवात केली होती. २०१६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ती तरतूद रद्द केली आणि वर्षाची मुदत परत आली. पण वर्ष म्हणजे वर्ष. माझे चौदा महिने झाले होते, आणि मारतहळ्ळीच्या पुलाखाली ट्रॅफिक पोलिस दिसला की मी उगाचच आरशात बघून केस नीट करायचे.

त्यात कँटीनमधल्या तज्ज्ञांनी भर घातली. "बंगळूरचा नंबर घेतलास ना, इन्शुरन्स डबल होणार बघ!" टॅक्स भरावा लागणार हे माहीत होतं. इन्शुरन्सचं हे नवीनच! शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये मी गाडी घेऊन कोल्हापूर गाठलं. एनओसी काढायची, गाडी माझ्या नावावर करायची आणि परत यायचं. सोबत पप्पाही येणार होते. "तेवढीच पोरीची खोली बघून येतो," असं आईला सांगून.

कोगनोळीपर्यंत मी, पुढं तू

आरटीओचं काम वाटलं होतं त्यापेक्षा शांतपणे झालं. फॉर्म २८ भरायचा, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घ्यायचा, गाडीवर कर किंवा गुन्हा बाकी नाही याची खातरजमा होते. कर्ज कधीच फिटलं होतं, त्यामुळे बँकेचा प्रश्न नव्हता. ठसा पप्पांनी स्वतः घेतला, लहानपणी मला नाण्याचा घेऊन दाखवायचे तसा. एनओसी हातात आल्यावर पहाटे पाचला आम्ही निघालो.

"कोगनोळीपर्यंत मी चालवतो. पुढं तू," पप्पांनी जाहीर केलं. उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कागल... अंधारात एकेक पाटी मागे गेली. दूधगंगा ओलांडली, कोगनोळीचा टोलनाका आला. पप्पांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि डाव्या बाजूला येऊन बसले. बोलले काहीच नाहीत. सीटबेल्ट लावला आणि मांडीवर ती प्लॅस्टिकची निळी फाइल घेतली, ज्यात गाडीचा पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद आहे.

निपाणीच्या पुढे उजाडलं. मी कँटीनवाली भीती सांगितली. पप्पा हसले. "डबल कशानं होईल? आधी झोन बघ."

अख्खा देश, दोन झोन

झोन म्हणजे काय, हे मला पप्पांनी संकेश्वर ते बेळगावच्या दरम्यान समजावलं. खासगी कारच्या विम्याच्या दृष्टीनं भारताचे फक्त दोन भाग आहेत. 'ए' झोनमध्ये आठ शहरं : मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद. उरलेला सगळा देश 'बी'. म्हणजे नाशिक, नागपूर, पणजी आणि आमचं कोल्हापूर एकाच ताटात! आणि झोन ठरतो तो गाडीची नोंदणी जिथं झाली त्यावरून. तुम्ही ती रोज कुठल्या सिग्नलला अडकवून ठेवता त्यावरून नाही. म्हणजे पुण्याहून बंगळूरला येणाऱ्याचा झोन बदलतच नाही. माझा बदलणार होता. बी मधून ए मध्ये.

"किती फरक?" मी विचारलं.

फाइलमधून कागद निघाला. २००७ च्या सुरुवातीपासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे 'ओन डॅमेज'चा दर कंपन्या आपापला ठरवतात, प्रत्येकाची सूट वेगळी. पण झोनमधला फरक किती, हे त्याआधीच्या सरकारी दरपत्रकावरून कळतं. पाच ते दहा वर्षांची, हजार ते पंधराशे सीसीची गाडी : बी झोनमध्ये गाडीच्या विमा मूल्याच्या ३.३५१ टक्के, ए झोनमध्ये ३.४४७ टक्के. आमच्या गाडीचं विमा मूल्य धरा चार लाख. कोल्हापूरला १३,४०४ रुपये, बंगळूरला १३,७८८. फरक ३८४ रुपये! एवढ्यासाठी मी चौदा महिने पोलिसांपासून तोंड लपवत होते. बेळगावात थांबून आम्ही त्याहून जास्त पैशांचा कुंदा घेतला.

हुबळी-धारवाड बायपासवर रुंदीकरणाचं काम चालू होतं, समोरून ट्रक अंगावर आल्यासारखे यायचे. त्या वाटेवर थर्ड पार्टीचा धडा झाला. आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा, कायद्यानं सक्तीचा असलेला हा भाग. त्याचा दर सरकार ठरवतं आणि तो राज्यागणिक बदलत नाही. आमच्यासारख्या गाडीला १ जून २०२२ पासून ३,४१६ रुपये. कोल्हापूरला तेवढेच, कोहिमाला तेवढेच.

"मग प्रश्नच मिटला!" मी म्हटलं.

"मिटला नाही. डोसा खाताना सांगतो."

लोणी डोशाबरोबर वाईट बातमी

दावणगेऱ्याचा बेण्णे डोसा. पांढरं लोणी, कुरकुरीत कड आणि बाजूला बटाट्याची साधी भाजी. तो संपत आला तेव्हा पप्पांनी पॉलिसीचा कागद उलगडून एका ओळीवर बोट ठेवलं. 'नो क्लेम बोनस : ५० टक्के'.

त्याचं असं आहे. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षं झाली की ५०. त्याच्या वर जात नाही. पण मधे एक क्लेम केला की सामान्यतः परत शून्य. रंकाळ्यावर एकदा एका टेम्पोनं मागचा बंपर फोडला होता, तेव्हा पप्पांनी स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केली होती. मी तेव्हा चिडले होते, 'मग विमा कशाला भरता?' म्हणून. उत्तर आत्ता मिळत होतं.

"हा बोनस गाडीचा नसतो," पप्पा म्हणाले, "मालकाचा असतो. गाडी तुझ्या नावावर झाली की तो तुला मिळत नाही."

"पण मी तर तुमचीच मुलगी ना?"

"मी गेल्यावर गाडी तुझ्याकडं आली असती, तर बोनसही आला असता. नियमात आहे तसं. जिवंत बापाचा चालत नाही." असं म्हणून ते चक्क हसले. मला मात्र शेवटचा घास गिळताना पाणी प्यावं लागलं.

गाडी पप्पांच्याच नावावर ठेवता आली नसती का? पण कर्नाटकात नोंदणी करायची तर मालकाचा पत्ता कर्नाटकातला लागतो, आणि पप्पांचा पत्ता कोल्हापूर सोडून कुठला असणार! म्हणजे मालक मीच. जुन्या दरपत्रकाच्या हिशोबानं ६,७०२ चे १३,७८८ झाले. कँटीनवाल्यांचं 'डबल' खरं निघालं, कारण मात्र भलतंच. बंगळूरचे ३८४. बाकीचे सगळे, पप्पा स्टिअरिंगवरून उठले त्याचे.

पवनचक्क्या, आणि उरलेला खर्च

चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरत होत्या. आम्ही दोघंही जरा गप्प होतो. मग पप्पांनीच पुढचं सांगितलं. नाव बदललं की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण ओन डॅमेज जात नाही. कागद तसाच ठेवलास आणि गाडी ठोकलीस, तर नुकसान तुझं. नवा नंबर मिळाला की तोही पॉलिसीवर चढवून घ्यायचा. आरसीवर केए आणि पॉलिसीवर एमएच असेल तर क्लेम अडतो. आणि चालू पॉलिसीचे जेवढे महिने उरलेत, तेवढ्यांचा बोनस कंपनी वसूल करते.

खरा दणका विम्याचा नव्हताच, लाइफटाइम टॅक्सचा होता. कर्नाटकात तो किमतीनुसार १३ ते १८ टक्के आणि वर सेस. गाडी जुनी असेल तसा कमी होतो, तरी आमचा आकडा पाच अंकी होता आणि त्यातला पहिला अंक काही लहान नव्हता. कोल्हापूरला भरलेल्या टॅक्सच्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, त्याचा अर्ज मागाहून केला. ज्यांची बदली सारखी होते त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून बीएच सिरीज आहे : सरकारी नोकर, आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी. टॅक्स दोन-दोन वर्षांचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. नवी गाडी घ्यायच्या आधी एचआरला जरूर विचारा, गाडी मात्र स्वतःच्या नावावर हवी.

संध्याकाळी तुमकूरजवळ क्यातसंद्राला ताटाएवढी तट्टे इडली खाल्ली. नेलमंगलाला ट्रॅफिक सुरू झाला तसे पप्पा सरळ होऊन बसले. उजवा पाय अधूनमधून, नसलेल्या ब्रेकवर दाबत होते. रात्री पार्किंगमध्ये दोन पिलरच्या मधे मी एका दमात गाडी लावली. ते उतरले, चारही बाजूंनी बघून आले. "बरोबर आलीय," एवढंच म्हणाले.

दोन महिन्यांत प्लेट बदलली. केए ५३. जुनी प्लेट मी कपाटावर ठेवलीय. पप्पांचे ५० टक्के वाया गेले नाहीत. विमा कंपनीकडून त्याचं सर्टिफिकेट घेता येतं आणि तीन वर्षांत स्वतःच्या नावावर दुसरी गाडी घेतली तर तिथं वापरता येतं. मी ते घेऊन पाठवलं. "आता मी कुठली गाडी घेतोय?" म्हणाले, पण कागद निळ्या फाइलमध्ये गेला.

मधे एकदा आउटर रिंग रोडवर एका बाइकवाल्यानं माझा आरसा उडवला. क्लेमचं ॲप उघडलं होतं. मग बंद केलं आणि गॅरेजवाल्याला पैसे दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये पॉलिसी रिन्यू झाली. कागदावर 'नो क्लेम बोनस : २० टक्के' असं आलं. माझ्या नावापुढं, पहिल्यांदाच. फोटो काढून पप्पांना पाठवला.

पाच मिनिटांनी उत्तर आलं, "अजून तीस."