दारणेची बारीक मासळी

तीन माशांची शास्त्रातली पहिली नोंद आपल्या देवळालीची आहे. १९३५ साली सुंदरलाल होरा यांनी दारणा नदीतल्या एका पट्टेदार माशाचं वर्णन केलं. तो आज ‘डेव्हारिओ फ्रेझरी’ या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी मुखर्जी यांनी इथल्याच ‘रासबोरा लॅबिओसा’चं वर्णन छापलं. पुढे १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा यांनी ‘पॅरासिलोऱ्हिंकस प्रेटरी’ची भर घातली. यातलं फ्रेझरी हे नाव ए. जी. एल. फ्रेझर यांच्यावरून आलं आहे आणि प्रेटरी हे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे अभिरक्षक एस. एच. प्रेटर यांच्यावरून. जगभरातला कुणीही संशोधक या तीन माशांचं मूळ ठिकाण शोधू लागला, की त्याचं बोट नकाशावर नाशिक जिल्ह्यात येऊन थांबतं. नाशिककरांना मात्र त्यांची नावंही ठाऊक नसतात, याची मला फार खंत वाटते.

हे तिन्ही मासे तळहातावर मावणारे. आपल्या बाजारात अशा माशांना वेगळं नाव मिळत नाही. बारीक मासळी म्हणून सगळ्यांचा एकच वाटा लावतात. अशा एका वाट्यात पाच-सहा जातींचे मासे सहज निघतात, शिवाय मोठ्या माशांची पिल्लंही असतात. माझा अभ्यास याच वाट्याचा आहे.

ओहोळात जाळी टाकल्यावर हाती आलेला मासा मी आधी पाण्याने भरलेल्या काचेच्या छोट्या पेटीत सोडतो. सुरुवात शेपटीपासून करायची. शेपटी दुभंगलेली असेल तर मासा बहुधा कार्प कुळातला, म्हणजे आपल्या खवली, मळ्यांच्या गोतावळ्यातला. शेपटी अखंड गोल आणि तोंड वरच्या बाजूला उघडणारं असेल, तर गप्पी किंवा गॅम्बुसियाची शंका घ्यावी. हे दोन्ही अमेरिका खंडांतले मासे डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे आणले गेले. ते अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, म्हणून झपाट्याने वाढतात.

मग मिशा. ओठांच्या कडेला मिशांची एक जोडी आहे, दोन आहेत की मुळीच नाहीत, हे भिंगातून बघायचं. त्यानंतर माशाच्या अंगावरची रेघ. कल्ल्यापासून शेपटीकडे खवल्यांची एक ओळ जाते आणि तिच्या प्रत्येक खवल्याला बारीक छिद्र असतं. या छिद्रांवाटे माशाला पाण्याची थरथर कळते. काही जातींत ही ओळ थेट शेपटीपर्यंत पोचते, काहींत अर्ध्यातच संपते.

खवलीचंच बघा. पेटीत दोन मासे शेजारी-शेजारी पोहताहेत. दोन्ही चंदेरी, दोन्हींना मिशा नाहीत, दोन्हींच्या अंगावर काळे ठिपके. एकाच्या पाठीवरच्या पराचा पुढचा जाड काटा भिंगाखाली धरला तर त्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते दिसतात. छिद्रांची ओळ थोड्याच खवल्यांवर थांबलेली असते. एक ठिपका कल्ल्याच्या मागे आणि एक शेपटीच्या अलीकडे. हा टिक्टो. दुसऱ्याचा काटा गुळगुळीत, छिद्रांची ओळ पूर्ण, एक ठिपका शेपटीच्या मुळाशी आणि एक डाग पाठीवरच्या पराच्या बुडाशी. हा सोफोर. रंगावर मात्र विसंबू नये. विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर लाली चढते, आणि फॉर्मालिनच्या बाटलीत गेल्यावर सगळेच सारखे फिके पडतात.

रासबोरा आणि डेव्हारिओ यांचीही अशीच गल्लत होते. रासबोऱ्याच्या अंगावर सहसा एक काळपट आडवी रेघ असते, डेव्हारिओच्या अंगावर निळे-पिवळे पट्टे. पट्टे पुसट असतील तर पोटामागचा पर उघडून बघावा. रासबोऱ्याचा तो पर आखूड असतो आणि त्यात टोकाला फाटे फुटलेल्या पाचच काड्या असतात. डेव्हारिओचा लांब असतो आणि काड्या दुपटीहून जास्त.

खळाळत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारा मळ्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याच्या खालच्या ओठामागे चकतीसारखा भाग असतो, त्याने तो दगड धरून ठेवतो. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं करताना मळ्यासाठी ‘मुल्या’ हे नाव आपल्या लोकांच्या तोंडूनच घेतलं. प्रेटरीही अशाच दगडगोट्यांच्या वाहत्या पाण्यातला, त्यामुळे घाईत बघणाऱ्याला तो मळ्याच वाटतो. आययूसीएनच्या लाल यादीत हा मासा अतिसंकटग्रस्त आहे. मळ्यांच्या वाट्यात एखादा प्रेटरी गेला तर तो कुणाला कळणारही नाही, ही भीती मला खरी वाटते.

वर टिक्टो हे नाव मी सोयीसाठी वापरलं. हे नाव गंगेच्या खोऱ्यातल्या माशाला १८२२ साली दिलेलं, आणि नंतर देशभरातल्या तशाच ठिपकेवाल्या माशांना तेच चिकटलं. पण २०१६ मध्ये पुण्याकडच्या पवना आणि नीरा नद्यांतला असा मासा वेगळी जात ठरला, त्याला ‘पेथिया संजयमोलुरी’ हे नाव मिळालं. आंबोलीच्या हिरण्यकेशी नदीतल्या ‘शिस्टुरा’ या छोट्या माशाला तर २०२० मध्ये नाव मिळालं. त्र्यंबक आणि इगतपुरीच्या ओहोळांतली खवली एक-एक खवला मोजून पुन्हा तपासायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी ओहोळ मात्र शाबूत हवेत. या माशांना गोटे, वाळू आणि वाहतं पाणी लागतं. वाळू उपसली की अंडी ठेवायला जागा राहत नाही, गाळ बसला की गोट्यांवरचं शेवाळ मरतं, आणि मळ्यासारख्यांचं अन्न तेच. रामकुंडाच्या परिसरात गोदावरीचा तळ काँक्रीटखाली गेला, तिथे दगडाला धरून राहणारा मासा कशाला धरणार? कुंभमेळ्याची तयारी करताना घाटांबरोबर नदीच्या तळाचाही विचार व्हायला हवा.

पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ओढ्याकाठच्या माणसांना माशांच्या सवयी माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक आहेत, पण चढणीच्या मासळीच्या पोटात गाभोळी असते. तेवढे पहिले काही दिवस ओढा मोकळा सोडावा, ही त्यांना विनंती.

वाचकांनाही एक सांगणं आहे. ओढ्यात लहान मासा सापडला तर तो पाण्यासकट स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या. डोकं डावीकडे येईल असा बाजूने फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. पर उघडे असताना आणखी एक फोटो घ्या. गाव, ओढा आणि तारीख लिहून ठेवा, आणि मासा होता तिथेच सोडा. फोटो जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाला दाखवा. घरच्या टाकीतला गप्पी किंवा दुसरा कुठलाही शोभेचा मासा मात्र नदीत कधीही सोडू नका.